ऑक्सिजनचं विद्युतरासायनिक क्षपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज या भागात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष करणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अवघड. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तरी १० आणि १३ हे दोन प्रश्न मात्र वाचाच.

१. ऑक्सिजन रिडक्शनमध्ये (क्षपणात) नेमकं काय होतं? आणि त्यावर इतकी माणसं का काम करतात?

द्रावणात विरघळलेला ऑक्सिजनचा रेणू इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर येतो, तिथून इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी, हायड्रॉक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. हीच अभिक्रिया फ्युएल सेलच्या कॅथोडवर चालते, झिंक-एअर बॅटरीत चालते. पावसाळ्यात शिरोलीच्या फाउंड्रीबाहेर उघड्यावर राहिलेल्या कास्टिंगवर गंज चढतो, तेव्हाही लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच उचलत असतो.

अडचण अशी की ही अभिक्रिया फार मंद आहे. ग्रोव्हने १८३९ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज मिळवून दाखवली, तेव्हापासून आजपर्यंत हायड्रोजनची बाजू सहज चालते आणि ऑक्सिजनची बाजू अडते. आम्लातल्या फ्युएल सेलमध्ये जेवढं व्होल्टेज वाया जातं, त्यातला मोठा वाटा ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवरच जातो. म्हणून प्लॅटिनम लागतं, आणि म्हणून प्लॅटिनमला पर्याय शोधण्याची धडपड चालू आहे.

२. चार इलेक्ट्रॉन आणि दोन इलेक्ट्रॉन हे काय प्रकरण आहे?

ऑक्सिजनच्या एका रेणूने चार इलेक्ट्रॉन घेतले तर आम्लात पाणी बनतं आणि अल्कलीत हायड्रॉक्साइड. दोनच घेतले तर तो पेरॉक्साइडवर थांबतो. आम्लात चार इलेक्ट्रॉनच्या वाटेचं प्रमाण पोटेन्शियल १.२३ व्होल्ट आहे, दोन इलेक्ट्रॉनच्या वाटेचं ०.७० व्होल्टच्या जवळ. तिसरी शक्यताही असते: आधी दोन घेऊन पेरॉक्साइड, मग तेच पेरॉक्साइड आणखी दोन घेऊन पाणी. शेवटचा हिशेब चारचाच दिसतो, पण वाट वेगळी. ही तिसरी वाट विसरली जाते. प्रश्न १२ मध्ये तिचं महत्त्व कळेल.

हेरॉव्स्कीने १९२२ मध्ये पोलॅरोग्राफी शोधली. त्याच्या पाऱ्याच्या थेंबावर ऑक्सिजनच्या दोन वेगळ्या लाटा स्वच्छ दिसतात, पहिली पेरॉक्साइडपर्यंतची आणि दुसरी पुढची.

दोन इलेक्ट्रॉनची वाट म्हणजे अपयश, असंही नाही. पाणी शुद्ध करण्यासाठी जागच्या जागी पेरॉक्साइड बनवायचं असेल तर तीच हवी असते. तुमचा कार्बन सातत्याने दोनकडे झुकत असेल तर त्याला ओढून चारपर्यंत नेण्यापेक्षा प्रकल्पाची दिशा बदला, जास्त चांगलं काम होईल.

३. १.२३ व्होल्ट मिळायला हवेत, मग प्लॅटिनमलासुद्धा ०.९ च्या खाली का यावं लागतं?

वाटेत पृष्ठभागावर तीन पाहुणे (अर्धवट बदललेले ऑक्सिजनचे तुकडे) बसतात: ओओएच, ओ आणि ओएच. उत्तम पृष्ठभागाने त्यांना धरावं, पण धरून ठेवू नये. ओओएच आणि ओएच यांची पकड एकमेकांशी बांधलेली आहे. एक सैल केली की दुसरीही सैल होते. या दोघांच्या ऊर्जेतला फरक आदर्श स्थितीत २.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असायला हवा. धातूंवर तो ३.२ च्या आसपास अडकून राहतो. त्यामुळे सर्वांत चांगल्या धातूलाही साधारण ०.३ ते ०.४ व्होल्टची किंमत मोजावी लागते. नोर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गणिताने ही मांडणी केली. आज सगळीकडे दिसणारा ज्वालामुखीच्या आकाराचा आलेख त्यातूनच आला. प्लॅटिनम त्याच्या शिखराजवळ आहे, पण ओएचला किंचित जास्त घट्ट धरतं.

४. साध्या सीव्हीने (सायक्लिक व्होल्टामेट्री: पोटेन्शियल पुढे-मागे फिरवत करंट मोजणं) भागत नाही का? आरडीई (रोटेटिंग डिस्क इलेक्ट्रोड) एवढी महाग, ती कशाला?

ऑक्सिजनचं शिखर दिसतं का, कुठे दिसतं, एवढं पाहायला सीव्ही पुरते. सुरुवातीची चाळणी तिच्यावरच करा. पण स्थिर इलेक्ट्रोडजवळचा ऑक्सिजन संपत जातो आणि करंटमध्ये अभिक्रियेचा वेग किती, पुरवठ्याची कमतरता किती, हे वेगळं काढता येत नाही. चरक कितीही ताकदीचा असला तरी ऊस जेवढा पोचेल तेवढाच रस पडणार, तसं हे आहे. आरडीईत इलेक्ट्रोड ठरावीक वेगाने फिरतो, त्यामुळे पुरवठा किती आहे ते आपल्या हातात येतं. लेविचने १९४० च्या दशकात त्याचं गणित बसवलं: लिमिटिंग करंट (पुरवठ्यामुळे करंटला पडणारी कमाल मर्यादा) फिरण्याच्या वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

आरडीई नसेल तर सगळं थांबत नाही. नमुने, शाई (उत्प्रेरकाची भुकटी कालवलेलं द्रावण), तिचा डिस्कवरचा थर, सीव्ही हे सगळं आपल्या महाविद्यालयात करा आणि चार-पाच निवडक नमुनेच घेऊन जिथे उपकरण आहे तिथे जा.

५. ४००, ६२५, ९००, १२२५, १६००... असे विचित्र वेग का घेतात?

२०, २५, ३०, ३५, ४० यांचे ते वर्ग आहेत. पुढे २०२५ आणि २५०० येतात. वर्गमूळ काढलं की आलेखावर बिंदू समान अंतरावर पडतात. दुसरं काही कारण नाही.

६. आम्लात मोजू की अल्कलीत?

उत्प्रेरक प्लॅटिनमचा असेल तर ०.१ मोलार परक्लोरिक आम्ल. सल्फ्युरिक आम्लातलं सल्फेट प्लॅटिनमला चिकटतं आणि करंट कमी दिसतो. कार्बन, चांदी, मँगनीज किंवा कोबाल्टचे ऑक्साइड असतील तर ०.१ मोलार पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कारण यातले बरेचसे आम्लात टिकत नाहीत.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या साधारण ८५ टक्केच शुद्ध असतात, उरलेलं मुख्यतः पाणी. म्हणजे लिटरला ५.६ ग्रॅम घेतले तर द्रावण ०.१ मोलार होत नाही. ६.६ ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि नेमकी संहती टायट्रेशननेच कळते. हे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि काचही हळूहळू खातं, म्हणून रोज ताजं करा आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. पाणी १८.२ मेगाओमचं हवं. साध्या आरओचं चालत नाही.

७. रेफरन्स (ज्याच्या मानाने पोटेन्शियल मोजतात तो इलेक्ट्रोड) कोणता वापरायचा? आणि आरएचईमध्ये (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापात) रूपांतर कसं करायचं?

अल्कलीत मर्क्युरी–मर्क्युरिक ऑक्साइड. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड अल्कलीत हळूहळू बिघडतो आणि प्लॅटिनमवर मोजताना त्यातून झिरपणारं क्लोराइड पेरॉक्साइड वाढवतं.

रूपांतराचं सूत्र पाठ असतंच: २५ अंशांना प्रत्येक पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट. पण सूत्रापेक्षा मोजमाप भरवशाचं. द्रावणात हायड्रोजन सोडा, प्लॅटिनमची स्वच्छ तार वर्किंग (ज्यावरची अभिक्रिया मोजतात तो इलेक्ट्रोड) म्हणून लावा, सावकाश स्कॅन करा. करंट जिथे शून्य ओलांडतो तिथे आरएचईचं शून्य. मर्क्युरिक ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडमध्ये आत आणि बाहेर एकच अल्कली असेल तर हा फरक ०.९३ व्होल्टच्या जवळ यायला हवा. त्यापासून फार दूर असेल तर रेफरन्स बदला.

उन्हाळ्यात इथे एक सापळा आहे. ३५ अंशांना पाण्याचं स्वतःचं विघटन वाढलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच अल्कलीचा पीएच सुमारे ०.३ ने कमी येतो, पण प्रत्येक पीएचमागचा आकडा ५९ वरून ६१ होतो. पीएच मीटरवरचा आजचा आकडा घेऊन त्याला पुस्तकातल्या ५९ ने गुणलं की २० मिलिव्होल्टहून अधिक चूक पदरात पडते. एवढ्या फरकावर लोक ‘आमचा उत्प्रेरक सरस’ असं लिहितात.

८. काउंटर (करंटचं मंडल पूर्ण करणारा इलेक्ट्रोड) म्हणून प्लॅटिनमची तार चालेल ना?

प्लॅटिनम नसलेल्या उत्प्रेरकाचा दावा करणार असाल तर नाही. काउंटरवरचं प्लॅटिनम थोडं थोडं विरघळतं आणि वर्किंग इलेक्ट्रोडवर येऊन बसतं. हजार-दोन हजार सायकलनंतर ‘क्रिया वाढली’ असं दिसतं ते बऱ्याचदा यामुळेच. ग्रॅफाइटची कांडी वापरा, आणि शक्य असेल तर मध्ये सच्छिद्र काच ठेवा.

९. शाई टाकली की थर मध्ये पातळ आणि कडेला जाड येतो. काय करायचं?

आधी ग्लासी कार्बनची डिस्क ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर घासा, पाण्यात सोनिकेट करा. पृष्ठभाग आरशासारखा आणि पाणी टाकल्यावर थेंब नीट बसणारा हवा. शाईसाठी पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थोडं नॅफिऑन (थर धरून ठेवणारं पॉलिमर). सोनिकेटरच्या टाकीत बर्फ टाका, नाहीतर पाणी तापतं, अल्कोहोल उडतं आणि शाई गुठळ्या धरते.

हिशेब मांडून दाखवतो. ५ मिलिमीटर व्यासाच्या डिस्कचं क्षेत्रफळ ०.१९६ चौ. सेंमी. १ मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम घेतले आणि १० मायक्रोलिटर टाकले, तर ४० मायक्रोग्रॅम बसले, म्हणजे चौ. सेंमीला ०.२ मिलिग्रॅम. कार्बनसाठी ०.२ ते ०.६ ही नेहमीची मर्यादा आहे. प्लॅटिनम असेल तर फक्त प्लॅटिनमचं वजन धरून चौ. सेंमीला १० ते २० मायक्रोग्रॅम पुरतात.

वाळवताना डिस्क उलटी धरून हळू फिरवत ठेवली तर कडेला जाडी येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की थेंब लवकर वाळत नाही आणि कण कडेला सरकायला भरपूर वेळ मिळतो. सिलिका जेल ठेवलेल्या डब्याखाली वाळवा. वाळल्यावर भिंगातून बघा. मध्ये डिस्कचा काळा चकाकता ठिपका दिसला तर तो थर पुसून पुन्हा टाका. उघड्या ग्लासी कार्बनवर स्वतःची दोन इलेक्ट्रॉनची अभिक्रिया चालते आणि ती तुमच्या आकड्यांत मिसळते.

१०. आमचा एन (ऑक्सिजनच्या एका रेणूमागे इलेक्ट्रॉनची संख्या) नेहमी ३.७ येतो, प्लॅटिनमवरसुद्धा. उपकरण बिघडलंय का?

बहुतेक नाही. तुम्ही कोल्हापुरात आहात, एवढंच.

लिमिटिंग करंटच्या सूत्रात ऑक्सिजनची संहती १.२ मिलिमोलार आणि डिफ्यूजन गुणांक १.९ गुणिले दहाचा उणे पाचवा घात चौ. सेंमी प्रति सेकंद घातले जातात. ०.१ मोलार पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १६०० फेरे प्रति मिनिट, एन ४ धरला तर चौ. सेंमीला ५.७ मिलिअँपिअर येतात. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, एक वातावरण दाबाचे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ५७० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, १०१ नाही. शिवाय बुडबुड्यात पाण्याची वाफ असते, ती वजा करायची. हिशेब केला तर द्रावणातला ऑक्सिजन सहा ते सात टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे खरोखर चार इलेक्ट्रॉनची अभिक्रिया असली, तरी १६०० फेऱ्यांना ५.३ च्या जवळपासच करंट मिळणार, आणि पुस्तकातली संहती घातली की एन ३.७ दिसणार.

पुढे काय होतं ते जास्त काळजीचं आहे. हा ३.७ पाहून प्रबंधात लिहिलं जातं: ‘चार इलेक्ट्रॉनची वाट मुख्य, पण थोडं पेरॉक्साइडही तयार होतं.’ त्या वाक्यामागे रसायन नाही, फक्त आपल्या गावाची उंची आहे. उलट कोल्हापुरात बसून, पुस्तकातली संहती घालून कुणाला अगदी ४.० मिळत असेल तर मी त्याचं क्षेत्रफळ आणि बॅकग्राउंड आधी तपासेन.

उपाय सोपा आहे. त्या दिवशीचा खरा दाब नोंदवा. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवर दिसणारे १०१० हेक्टोपास्कल इथे कामाचे नाहीत, कारण तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. प्रयोगशाळेतला बॅरोमीटर किंवा फोनमधला दाबाचा सेन्सर जे थेट दाखवतो ते घ्या, वाफेचा दाब वजा करा आणि त्या प्रमाणात संहती कमी करा.

तापमानाचं गणित मात्र वेगळं वागतं. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर गेली की २५ अंशांच्या तुलनेत ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास कमी विरघळतो, पण द्रावण पातळ झाल्याने डिफ्यूजन सव्वापटीहून जास्त वाढतं. सूत्रात डिफ्यूजनचा घात दोन-तृतीयांश आहे. सगळं धरून लिमिटिंग करंट दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतो, म्हणजे जवळपास तिथेच. म्हणून तापमानाची दुरुस्ती करायची तर संहती, डिफ्यूजन आणि श्यानता तिन्हींची करा. फक्त संहती बदलली तर एन वाढून ४.७ पर्यंत जाईल. सर्वांत चांगलं म्हणजे पाण्याचा जॅकेट असलेला सेल घेऊन २५ अंश धरून ठेवणं. तेही नसेल तर प्रत्येक आलेखाखाली तापमान आणि दाब लिहा. बाहेरच्या वाचकाला मग तुमच्या आकड्यावर काम करता येतं.

११. आणि एन ४.३ आला तर?

ऑक्सिजनच्या रेणूला चारच इलेक्ट्रॉन घेता येतात, त्यामुळे कुठेतरी चूक आहे. ती शोधायचा क्रम असा ठेवा. नायट्रोजनमध्ये घेतलेला बॅकग्राउंड वजा केला का? जास्त पृष्ठभागाच्या कार्बनमध्ये कपॅसिटन्सचा करंट भरपूर असतो. शाई डिस्कच्या बाहेर सांडली का? सांडली असेल तर क्षेत्रफळ वाढलं. वेग रेडियनमध्ये घातला की फेऱ्यांमध्ये? सूत्रातला ०.६२ रेडियन प्रति सेकंदासाठी आहे. फेरे प्रति मिनिट वापरायचे तर तो ०.२० होतो. याची अदलाबदल झाली तर एन तिप्पट किंवा एक-तृतीयांश येतो, त्यामुळे ती चूक तरी लपत नाही.

यातलं काहीच सापडलं नाही तर कौटेकी–लेविच आलेखाच्या (वेगवेगळ्या वेगांच्या करंटवरून एन काढतात त्या आलेखाच्या) मर्यादेकडे या. ते गणित सपाट, गुळगुळीत इलेक्ट्रोडसाठी आहे. जाड, सच्छिद्र, खडबडीत थरावर त्यातून निघालेला एन हा अंदाजच असतो. कमीत कमी आरआरडीईची (भोवती रिंग असलेल्या आरडीईची, प्रश्न १२) जोड हवी.

१२. आरआरडीईवर पेरॉक्साइड ३ टक्के आलं. म्हणजे थेट चार इलेक्ट्रॉनची वाट सिद्ध झाली ना?

सिद्ध झाली असं म्हणता येत नाही. आरआरडीईत डिस्कवर तयार झालेलं पेरॉक्साइड बाहेर फेकलं जातं आणि भोवतालच्या प्लॅटिनमच्या रिंगवर पकडलं जातं. फ्रुमकिन आणि नेक्रासोव्ह यांनी १९५९ मध्ये ही रचना आणली. रिंग आरएचईच्या मानाने १.२ ते १.३ व्होल्टवर ठेवायची. टक्केवारीसाठी रिंगच्या करंटला कलेक्शन एफिशियन्सीने (डिस्कवर बनलेल्यातला जेवढा हिस्सा रिंग पकडते त्या प्रमाणाने) भागायचं, त्याला डिस्कचा करंट अधिक हीच संख्या यांच्या बेरजेने भागायचं आणि २०० ने गुणायचं. एन म्हणजे ४ वजा टक्केवारी भागिले ५०. दहा टक्के पेरॉक्साइड असेल तर एन ३.८.

पण पेरॉक्साइड रिंगपर्यंत पोचलं तरच दिसतं. थर जाड असेल तर आत तयार झालेलं पेरॉक्साइड बाहेर पडण्याआधी तिथेच पुढे क्षपित होतं किंवा त्याचं विघटन होतं. हीच प्रश्न २ मधली तिसरी वाट. तपासायचं तर एकच उत्प्रेरक चौ. सेंमीला ०.१, ०.२, ०.४ आणि ०.६ मिलिग्रॅम अशा थरांत मोजा. थर पातळ होताना पेरॉक्साइड झपाट्याने वाढलं तर वाट दोन अधिक दोनची आहे. हा एक प्रयोग प्रबंधाची किंमत वाढवतो आणि त्याला फक्त वेळ लागतो.

कलेक्शन एफिशियन्सी उपकरणाच्या माहितीपत्रकातून उचलू नका. पोटॅशियम फेरीसायनाइडने नायट्रोजनमध्ये स्वतः मोजा, शाईचा थर बसवल्यावर पुन्हा मोजा.

१३. उसाच्या चिपाडापासून नायट्रोजन-डोप्ड (रचनेत नायट्रोजन मिसळलेला) कार्बन बनवला. तो ‘मेटल-फ्री’ म्हणून छापता येईल का?

आपल्याकडे हा प्रकल्प फार जण घेतात आणि घ्यावाच. चिपाड फुकटात मिळतं, कारखान्यावरही आणि गुऱ्हाळावरही, आणि त्याचा कार्बन खरोखर चांगला होतो. पण ‘मेटल-फ्री’ हा शब्द लिहिण्याआधी चिपाडाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. ऊस लोखंडी रोलरमधून दोन-तीनदा पिळून निघालेला असतो. शेतातल्या तांबड्या-काळ्या मातीत लोह आणि मँगनीज असतं, ते सालीला चिकटलेलं असतं. गुऱ्हाळाच्या अंगणात चिपाड वाळत पडतं तेव्हा त्यावर धूळ बसते. मग तुम्ही ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रिय करता, त्या रसायनातही लोहाचा अंश असतो. वर युरिया किंवा मेलामाइन घालून ८०० ते ९०० अंशांना तापवता. कार्बन, नायट्रोजन आणि लोह एकत्र तापवणं म्हणजे लोह–नायट्रोजन–कार्बन उत्प्रेरक बनवण्याची नेमकी कृती. जासिन्स्कीने १९६४ मध्ये कोबाल्ट थॅलोसायनिनवर ऑक्सिजनचं क्षपण दाखवलं, तेव्हापासून धातू आणि नायट्रोजनची ही जोडी किती प्रभावी असते हे माहीत आहे. अगदी अल्प लोहही पुरतं.

एक्सपीएसमध्ये (एक्स-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रात) लोह दिसलं नाही, हा पुरावा पुरेसा नाही. त्या यंत्राची पकड टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास संपते. नमुना पूर्ण विरघळवून आयसीपीवर (अगदी अल्प धातूही मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.

चिपाडाच्या राखेत सिलिका खूप असते. ती काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरू नका, महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्याची सोय नसते आणि ते जिवावर बेततं. गरम अल्कलीत सिलिका विरघळते, त्याने काम होतं. त्यानंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून धातू काढा आणि पाणी उदासीन येईपर्यंत धुवा. धुण्याआधीचा आणि नंतरचा नमुना दोन्ही मोजा. क्रिया निम्म्यावर आली तर उत्तर मिळालं. ती तशीच राहिली तरी लगेच आनंद करू नका, कारण कार्बनच्या आत बंद झालेलं लोह आम्लाने निघत नाही.

सायनाइड घालून विषबाधेची चाचणी करा असं काही शोधनिबंधांत दिसेल. विद्यार्थ्यांनी ती करू नये. आम्लात थायोसायनेट घालून लोहाच्या जागा अडवता येतात, अल्कलीत मात्र त्याचा परिणाम कमी असतो.

शेवटी, लोह सापडलं तर बिघडलं काय? ‘चिपाडातून आलेल्या अल्प लोहाची भूमिका’ हा विषय ‘मेटल-फ्री’पेक्षा जास्त खरा आहे, आणि आपल्या भागाच्या उसाबद्दल काही तरी नवं सांगणारा आहे. खोडवा आणि लावणीचा ऊस, कारखान्याचं आणि गुऱ्हाळाचं चिपाड, अशी तुलना अजून कितीतरी करता येईल.

१४. हुपरीतून चांदी आणून इलेक्ट्रोड केला तर?

चांदी अल्कलीत ऑक्सिजनला चांगली चार इलेक्ट्रॉनपर्यंत नेते, त्यामुळे कल्पना उत्तम आहे. पण दागिन्याची चांदी नको, तिच्यात तांबं मिसळलेलं असतं आणि डाग लावलेल्या जागी आणखीही धातू असतात. दागिना घडवण्याआधीची शुद्ध चांदी मागा, ९९.९ ची. पत्रा किंवा तार मिळाली तर पॉलिशचा मेण काढून, अ‍ॅल्युमिनावर घासून वापरा. आम्लात मोजू नका, तिथे ती वरच्या पोटेन्शियलला विरघळते.

१५. ऑनसेट पोटेन्शियल (जिथे अभिक्रिया सुरू होते तो) नेमका कुठे धरायचा?

डोळ्यांनी धरू नका. चौ. सेंमीला ०.१ मिलिअँपिअर जिथे येतो तो बिंदू, असं स्पष्ट लिहा आणि सगळ्या नमुन्यांना तेच लावा. तुलनेला हाफ-वेव्ह पोटेन्शियल (जिथे करंट लिमिटिंगच्या निम्म्यावर येतो तो) जास्त विश्वासाचा आहे, पण लिमिटिंग करंट सपाट आलेला असेल तरच. तो उतरता येत असेल तर आधी प्रश्न ९ वाचा, थर नीट नसणं हे पहिलं कारण असतं. दुसरं कारण द्रावणाचा रोध. ०.१ मोलार अल्कलीत तो ४५ ओमच्या आसपास असू शकतो, आणि ५ मिलिमीटरच्या डिस्कवर १.१ मिलिअँपिअर वाहत असेल तर ५० मिलिव्होल्ट तिथेच जातात. इम्पिडन्सने रोध मोजून दुरुस्ती करा आणि केली असं लिहा.

१६. टॅफेल स्लोप (करंट दहापट व्हायला किती मिलिव्होल्ट लागतात तो आकडा) काढताना कोणता करंट घ्यायचा?

थेट मोजलेला नाही, कायनेटिक करंट (पुरवठ्याची मर्यादा नसती तर जो आला असता तो). मोजलेला करंट गुणिले लिमिटिंग करंट, भागिले त्या दोघांतला फरक. प्लॅटिनमवर कमी ओव्हरपोटेन्शियलला (आदर्श पोटेन्शियलपासून थोड्याच अंतरावर) दर दशकामागे ६० मिलिव्होल्ट आणि पुढे १२० च्या जवळ येतो. सच्छिद्र कार्बनवर मधलेच आकडे येतात, त्यांवरून यंत्रणा ठरवायला जाऊ नका.

१७. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन सिलिंडर चालेल का?

शिकण्यासाठी चालेल, अंतिम आकड्यांसाठी उच्च शुद्धतेचा घ्या. सुरक्षेचा मुद्दा त्याहून मोठा आहे. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, धाग्यांना, वॉशरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, तेलकट हातानेही उघडू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस आपोआप पेटतं. हायड्रोजनचा आणि ऑक्सिजनचा रेग्युलेटर एकमेकांच्या सिलिंडरला लावू नका. प्रश्न ७ मधलं हायड्रोजनचं मोजमाप खिडक्या उघड्या ठेवून, बर्नर बंद करून करा.

द्रावणात २० ते ३० मिनिटं बुडबुडे सोडा. मोजताना नळी वर उचलून द्रावणाच्या वरून वायू जाऊ द्या, नाहीतर फिरत्या डिस्कवर बुडबुडा अडकून करंट उड्या मारतो.

१८. सिलिंडर मिळाला नाही तर साध्या हवेत मोजू का?

हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून लिमिटिंग करंटही पाचव्या हिश्श्याच्या आसपास, सव्वा मिलिअँपिअरच्या खालीच. नमुन्यांची आपसातली तुलना होईल. अल्कलीत हवा सोडत असाल तर ती आधी सोडा-लाइममधून न्या, कार्बन डायऑक्साइड अडेल.

१९. लाइट गेली की काय करायचं?

पोटेन्शियोस्टॅट (पोटेन्शियल धरून करंट मोजणारं यंत्र) आणि रोटेटर दोन्ही यूपीएसवर असू द्या. रोटेटर बंद पडून पोटेन्शियोस्टॅट चालू राहिला तर तो आलेख बाद. दोन्ही बंद पडले असतील तर थर टाकून द्या, इलेक्ट्रोड त्या वेळात कोणत्या पोटेन्शियलला होता ते कुणालाच माहीत नसतं. अर्थिंगही तपासून घ्या. आलेखावर बारीक केसाळ लहरी येत असतील तर निम्म्या वेळा अर्थिंगचा दोष असतो आणि निम्म्या वेळा रोटेटरच्या झिजलेल्या ब्रशचा.

२०. आरडीईवर आमचा कार्बन प्लॅटिनमच्या जवळ आला, पण झिंक-एअर सेलमध्ये फिका पडला. असं का?

आरडीईत ऑक्सिजन विरघळून येतो, म्हणून १६०० फेऱ्यांना चौ. सेंमीला ६ मिलिअँपिअरच्या पुढे जाताच येत नाही. खऱ्या सेलमध्ये वायू थेट सच्छिद्र थरातून येतो आणि करंट कैक पटींनी मोठा असतो. तिथे उत्प्रेरकाच्या क्रियेइतकंच महत्त्व थराच्या रचनेला येतं: वायूला वाट आहे का, द्रावण आत शिरून छिद्रं बुजली का, इलेक्ट्रॉनला सलग रस्ता आहे का. नायट्रोजन-डोप्ड कार्बन पाणी आवडणारा असतो आणि लवकर भिजून बसतो. टेफ्लॉनचं प्रमाण वाढवून पाहा, थर पातळ करून पाहा, आणि तुलनेच्या प्लॅटिनमचा इलेक्ट्रोडही त्याच हाताने, त्याच कागदावर, त्याच पद्धतीने बनवा. बाजारातला तयार प्लॅटिनम इलेक्ट्रोड आणि घरी थापलेला कार्बन यांची तुलना कुणाच्याच बाजूने धरता येत नाही.